पाच पोरांची बाटली

मी आयुष्यभर लोकांच्या पोरांना रडवून पगार घेतला. घरी कोणी नवीन पाहुणा आला आणि "काय करत होतात?" असं विचारलं, की मी हेच सांगते. मग खुलासा करते, की मी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नर्सबाई होते, लहान पोरांना लस टोचणारी. दवाखान्यातली नर्स वेगळी, तिच्या डोक्यावर पंखा तरी असतो. आमच्या डोक्यावर ऊन आणि खांद्याला लसीचा डबा.

हे लिहायला निमित्त झालं आमच्या सोसायटीतल्या एका तरुण बापाचं. त्याची मुलगी दहा महिन्यांची, चांगली गुटगुटीत. मी जुन्या सवयीनं विचारलं, "गोवराची लस झाली का हो?" तर म्हणाला, "मावशी, आता गोवर राहिलाय कुठे? बघू निवांत." शिकलेला मुलगा, स्वभावानंही चांगला. जे सांगायचं होतं ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सांगते.

मी तिकडे गेले ती नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांत. पालघर जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा ठाणेच. मी मूळची सिन्नरकडची, लग्न ठरेपर्यंत चार वर्षं नोकरी करावी आणि बदली घ्यावी असा बेत होता. लग्न झालं, मुलं झाली, बदली मात्र निवृत्तीपर्यंत झाली नाही. पोशेऱ्याच्या बाजूला आमचं उपकेंद्र, म्हणजे दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. त्याच्याभोवती डोंगरभर विखुरलेले पाडे. तिथे लहानथोर सगळे मला "बाय" म्हणत आणि सगळे एकजात "तू" म्हणत. पहिले सहा महिने मला त्या "तू"चा राग येई. पुढे कळलं, तिकडे कलेक्टर आला तरी तो "तू"च असतो.

लस देणं म्हणजे सुई टोचणं, असं बाहेरच्यांना वाटतं. सुई हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम लस थंड ठेवण्याचं. आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमधून सकाळी लस काढायची, डब्यात चारी बाजूंनी बर्फ लावायचा, एसटीत कंडक्टरच्या पायाशी तो डबा ठेवायचा आणि फाट्यावर उतरून चालू लागायचं. त्रिगुणीची, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची, लस बर्फाला चिकटून गोठली तर वाया, गोवराची तापली तर वाया. एकीला थंडी सोसत नाही, दुसरीला ऊन, आणि दोघींना एकाच डब्यात नांदवायचं. दोन जावांचं घर चालवणाऱ्या बाईला हे काम लवकर जमतं.

सुरुवातीला काचेच्या सिरिंजा असत, त्या जागेवर उकळून घ्याव्या लागत. एकदा उन्हाळ्यात मला सूर्यमाळच्या पाड्यांवर पाठवलं. तिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळायची मारामार. बाया पहाटे दरीत उतरायच्या आणि ऊन चढल्यावर हंडा घेऊन यायच्या. मी एका म्हातारीकडे सिरिंजा उकळायला पाणी मागितलं. तिनं हंड्यातलं तांब्याभर पाणी ओतलं, चुलीवर ठेवलं, त्यात काच उकळताना बघत बसली आणि म्हणाली, "बाय, तुझी सुई पाणी पिते, मंग आमी काय पिऊं?" तिचा नातू टोचून झाल्यावर तिनंच उरलेल्या गरम पाण्यात नागलीचं पीठ कालवलं, अर्धी आंबील मला दिली.

ताप हे आमचं दुसरं दुखणं. त्रिगुणी टोचली की पोराला रात्री ताप येतो, मांडी सुजते. म्हणजे लस कामाला लागली. पण हसतं खेळतं पोर नेलं आणि तापलेलं घरी आणलं, तर कुठली आई नर्सबाईला हार घालेल? पहिल्या वर्षी एका पाड्यात मला पाहून बाया पोरं घेऊन रानात पळाल्या होत्या. त्या चुकल्या असं मी म्हणणार नाही, मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. मग मी शहाणी झाले. टोचायच्या आधीच सांगू लागले, "आज रात्री ताप येईल, ही अर्धी गोळी दे, उद्या उतरेल." याचाही अतिरेक झाला. एक बाई पुढच्या वेळी तणतणत आली, "माझे पोराला ताप आलाच नाय. सगळ्यांचे पोरांना आला. मला पाणी टोचून दिलांस काय?"

आणि कार्ड. प्रत्येक बाळाचं एक लसीकरण कार्ड असे, कुठली लस कधी झाली हे त्यावर लिहायचं. पावसाळ्यात घरं गळत, चुलीचा धूर भरे, कार्डं भिजत, उंदीर खात. कार्ड हरवलं की सगळा घोळ, कुठली लस झाली नि कुठली राहिली कळायला मार्ग नाही. म्हणून मी प्रत्येक आईला दटावून सांगे, "हे कार्ड जिवापाड जप. कार्ड नीट असलं की पोराला भीती नाही." लोकांना पटकन समजावं म्हणून असं काहीतरी ठोकून द्यायची आम्हाला सवय असते. मी ते वाक्य किती आयांना सांगितलं असेल, देव जाणे.

आता गोवराच्या लसीचं सांगते, कारण माझी गोष्ट तिथे आहे. ही लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची. ती पावडर असते. वेगळ्या काचेच्या कुपीत पाणी येतं, ती कुपी फोडून पाणी पावडरीत घालायचं. एका बाटलीत पाच पोरं होतात. पण एकदा पाणी घातलं की चार तासांत संपवायची, उरली तर ओतून टाकायची. एका पोरासाठी बाटली फोडली तर चार पोरांची लस मातीत. महिन्याच्या बैठकीत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांचा पहिला प्रश्न तोच असे, "सिस्टर, किती वाया घालवलीत?" एकट्या पोरासाठीही फोडावी, असं वरचं पत्र होतं म्हणतात. माझ्यापर्यंत पत्र आलं नव्हतं, साहेबांचा आवाज मात्र आला होता.

वनशी आमच्या उपकेंद्रापासून तासाभराच्या चालीवरच्या पाड्यातली. वय असेल विशीच्या आसपास, अंगानं काटकुळी, बोलणं कमी. तिचा पहिला मुलगा महादू. त्या भागात जन्मतारीख विचारली तर कोणी सांगत नसे, पण "नागलीच्या लावणीत झाला", "बोहाड्याची सोंगं निघायच्या आधी झाला" असं नेमकं सांगत, आणि मी बोटांवर महिने मोजी. महादू शिवरात्रीला झाला होता म्हणून महादू. बाकीच्या सगळ्या लसी वनशीनं वेळेवर टोचून घेतल्या. ताप आला तर गोळी दिली, कुरकुर केली नाही. तिचं कार्ड मी इतर बायांना दाखवायला मागून घेत असे, इतकं स्वच्छ.

दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होऊ लागत. मुकादमाचा ट्रक येई आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जात, भिवंडीकडे, वसईकडे. परत यायचे ते पावसाच्या तोंडावर. घरात राहायची म्हातारी माणसं आणि कोंबड्या. त्या वर्षीही दिवाळीनंतर एक दिवस वनशी महादूला कडेवर घेऊन उपकेंद्रावर आली. म्हणाली, "बाय, उद्या सकाळी ट्रक येतोय. ह्याची राहिलेली सुई आजच देऊन टाक."

मी बोटं मोजली. शिवरात्र ते त्या दिवसापर्यंत नऊ महिने नुकते भरले होते. डब्यात गोवराच्या दोन बाटल्या होत्या. पण पोर एकच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यात माझं लसीकरण होतं, तिथे आठ पोरांची यादी तयार होती. दोन बाटल्या, आठ पोरं, हिशेब चोख बसत होता. मी म्हटलं, "उद्या तिकडे ये ना, सगळ्यांबरोबर देते."

"उद्या ट्रक हाय ना, बाय."

"मग भट्टीवर जवळ एखादा दवाखाना असेल. तिथे हे कार्ड दाखव, ते देतील."

तिनं कार्ड हातात घेतलं, रकान्यावर बोट ठेवलं. "ही जागा रिकामी राहिली." मी म्हटलं, "तिथे भरून देतील. तू फक्त कार्ड जप. कार्ड नीट असलं की पोराला भीती नाही." ती मान हलवून गेली. महादू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. आधी तीनदा टोचलेलं असल्यामुळे तो मला पाहूनच भोकाड पसरायचा. त्या दिवशी टोचलं नाही म्हणून हसला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यात आठांपैकी दोनच पोरं आली. बाकीची आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या ट्रकनं गेली होती. मी एक बाटली फोडली, दोन पोरांना टोचली, चार तास वाट पाहिली आणि उरलेली तीन पोरांची लस ओतून टाकली. ओतताना वनशीची आठवण झाली. म्हटलं, भट्टीवर मिळेल तिला.

कुठे मिळेल? कुठला दवाखाना, कुठल्या वाराला, कोणाला विचारायचं, यातलं मी तिला काही सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

पावसाच्या तोंडावर माणसं परत आली. मी घरभेटींना निघाले. वनशीच्या दारात गेले तर झोळी टांगलेली नव्हती. तिकडच्या घरात बाळ असलं की दारातून पहिल्यांदा झोळी दिसते. वनशी भाताचं बियाणं निवडत होती. मला बघून तिनं हात पुसले, आत गेली, लुगड्याच्या घडीतून कार्ड काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"होळीच्या आधी भट्टीवर गोवर आला," ती म्हणाली. "सगळ्यांचे झोपडीत आला. पोरां तापानं नुसती भाजत. मना भीती नव्हती. तू बोललीस ना, कार्ड नीट असलां तर पोराला भीती नाय. मी झोळीला बांधलां. त्याचे डोईकडं."

कार्डाच्या कोपऱ्याला एक बारीक भोक होतं, त्यात लाल दोरा तसाच होता. भगताचा गंडा बांधतात तसा.

"पुरळ उतरले. मंग खोकला झाला, हगवण झाली. दूध ओढेना. चार दिवसांनी गेला." मग ती जे म्हणाली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "बाय, बघ, कार्ड मी फाटू दिलां नाय. भिजू दिलां नाय."

तिला वाटत होतं की मी कार्ड तपासायला आले आहे. मी फाट्यापर्यंत तासभर चालत आले आणि एसटीच्या खांबाला टेकून रडले. नंतरही कितीतरी दिवस मला तो दोरा दिसायचा.

गोवरानं सगळी पोरं मरत नाहीत. खाऊनपिऊन असलेलं पोर आठ-दहा दिवसांत उठून बसतं, बरेचदा. पण गोवर अंगातली ताकद पुसून जातो आणि मागून न्युमोनिया, हगवण यांना दार उघडं ठेवतो. त्या काळात जव्हार-मोखाड्याचं नाव पेपरात यायचं ते पोरांच्या उपासमारीसाठी. तिथल्या पोरांच्या अंगात गमवायला ताकद होती कुठे? आणि कुठलं पोर सुटेल, कुठलं नाही, हे गुटगुटीत पोराकडे बघूनही कोणी सांगू शकत नाही. आमच्या सोसायटीतल्या बापाला मला एवढंच सांगायचं होतं. गोवर दिसेनासा झाला तो आपोआप झाला नाही. कितीतरी पोरं वेळच्या वेळी रडली म्हणून झाला.

त्यानंतर मी ते कार्डाचं वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. आईला रिकाम्या रकान्यावर बोट ठेवायला लावून सांगायची, "हा नुसता कागद आहे. ही जागा भरली तरच उपयोग." दिवाळीआधी मुकादमाच्या घरी जाऊन कुठला ट्रक कधी सुटणार ते विचारून यायची. मुकादम हसायचा, "सिस्टर, तुम्हीपण चाललात का भट्टीवर?" आणि एकट्या पोरासाठी बाटली फोडायला लागले. बैठकीत साहेबांनी झापलं. म्हणाले, "वाया का घालवली त्याचं कारण लिहून द्या." मी रजिस्टरात लिहिलं, "ट्रक सुटत होता." साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि पान उलटलं. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून विचारणारे होतेच.

वनशी पुढच्या दिवाळीत पुन्हा भट्टीवर गेली आणि तिथेच तिला मुलगी झाली, पौषात. पावसाळ्यात मी पाच वेळा तिच्या पाड्यावर गेले. पाचही वेळा ती घरी नव्हती. सासू सांगायची, "शेतावर गेली." एकदा मला घराच्या मागच्या बाजूनं पोरीचं रडणं ऐकू आलं, लगेच कोणीतरी तिला छातीशी घेतल्यासारखं थांबलं. मी परत फिरले. हाक मारायचा माझा धीर झाला नाही. त्या पोरीला एकही लस झालेली नव्हती. दिवाळीनंतर ती पुन्हा भट्टीवर जाणार होती, त्याच झोपड्यांत.

ट्रक कधी येणार ते मला कळलं होतं. त्या सकाळी मी डबा घेऊन पाड्यावर गेले तेव्हा ट्रक आंब्याखाली उभा होता. दुसऱ्या उपकेंद्राच्या, वरच्या पाड्यांवरची माणसं आधीच चढून बसली होती, गाठोडी, भांडी, कोंबड्या, पोरं. माझ्या यादीत त्या पाड्यातलं एकच पोर होतं. वनशी ट्रकच्या मागच्या फाळक्याशी मुलीला कडेवर घेऊन उभी होती, तिचा नवरा लाडक्या सामान वर देत होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ह्या वेळी ती हलली नाही. पळायला जागा नव्हती.

"वनशी, हिला गोवराची लस देते. बाकीच्याही सुरू करते. पाच मिनिटं लागतील."

ती माझ्या डब्याकडे बघत राहिली. "किती पोरां हायत तुझी आज?"

"एकच. ही."

"एकलीसाठी फोडशील?"

मी खाली बसले, डबा उघडला, कुपीची मान मोडली, पाणी पावडरीत घातलं. ती बघत होती. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीला विचारावं तसं, तिनं विचारलं, "तवा का नाय फोडलीस?"

दीड वर्ष मी ह्या प्रश्नाची वाट पाहत होते. नियम, यादी, आठ पोरं, सगळं तोंडात तयार होतं. ते बाजूला सारून मी म्हटलं, "घाबरले गं. लस वाया गेली तर साहेब ओरडतील म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी दोनच पोरं आली. तीन पोरांची लस मी ह्या हातानं मातीत ओतली. त्यातली एक महादूची होती."

लाडक्याच्या हातातलं गाठोडं तिथेच थांबलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वनशी माझ्यासमोर जमिनीवर बसली, मुलीला मांडीवर घेतलं आणि झबल्याची बाही वर केली. "टोच," म्हणाली. मी टोचलं. पोरगी जिवाच्या आकांतानं ओरडली. वनशीनं तिला छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "बाटलीत आता किती राहिली?"

"चार पोरांची."

"मंग आज ओतायची नाय."

ती उठली. ट्रकमध्ये बसलेल्या बायांना मी ओळखत नव्हते, त्या मला ओळखत नव्हत्या, आणि माझा डबा बघून त्यांनी पोरं पदराखाली घेतली होती. वनशी रडणाऱ्या पोरीला घेऊन फाळक्याशी गेली. ज्या बाईचा आवाज मी कधी धड ऐकला नव्हता, ती अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "उतरा गं! पोरां घेऊन उतरा! महादूची आय सांगते, उतरा!"

पहिल्यांदा एक म्हातारी नातवाला घेऊन उतरली. मग एक तरुण बाई, मग आणखी दोघी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि बिडी ओढत बसला. चार पोरं झाली, बाटली संपली. मागून एक बाई पाचवं घेऊन आली, एकटीच, बिचकत. मी दुसरी बाटली फोडली.